पडद्यावरचे विसरणे आणि मेंदूतले विसरणे

नायकाच्या डोक्याला मार लागतो. शुद्धीवर येताच तो विचारतो, ‘मी कोण? मी कोठे आहे?’ आई, प्रेयसी, घर, गाव, कशाचीच ओळख त्याला पटत नाही. मध्यंतरानंतर पुन्हा एकदा डोक्याला मार लागतो आणि सारे काही क्षणात परत येते. चित्रपट पाहणाऱ्या प्रत्येकाला हा प्रसंग पाठ आहे. ज्या उपनगरांत गोरेगावचे फिल्मिस्तान, अंधेरीचे फिल्मालय आणि पुढे चित्रनगरी उभी राहिली, त्याच उपनगरांतल्या शाळांत चेतासंस्थेचा पाठ शिकवताना शिक्षकांना हमखास प्रश्न येतो, ‘सर, डोके पुन्हा आपटले तर खरेच आठवते का?’

या प्रश्नाला हसून पुढे जाणे सोपे आहे, पण ते योग्य नाही, असे आम्हांला वाटते. पाठ्यपुस्तकात प्रमस्तिष्काच्या कार्यांच्या यादीत ‘स्मरणशक्ती’ हा एक शब्द येतो आणि विषय संपतो. पुढचे सगळे शिक्षण चित्रपट देतो. कलावंताला कल्पनेचे स्वातंत्र्य असते हे मान्य. परंतु प्रेक्षक त्या कल्पनेलाच माहिती समजू लागला, तर तिची तपासणी करणे विज्ञानशिक्षकाचे काम ठरते. म्हणून या लेखात आम्ही चार चित्रपट तपासायला घेतले आहेत: ‘सदमा’ (१९८३), ‘गजनी’ (२००८), ‘अस्तु’ (२०१३) आणि ‘थ्री ऑफ अस’ (२०२३ साली प्रदर्शित). यांतील अभिनय, संगीत, छायाचित्रण यांबद्दल इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. आमचा प्रश्न मर्यादित आहे: आठवण मेंदूत कशी राहते आणि कशी जाते, हे या चित्रपटाला कितपत कळले आहे?

कसोटी कोणती?

बोलताना आपण स्मृतीला कपाट समजतो. आठवणी ‘साठवतो’, ‘जपून ठेवतो’, ‘डोक्यात भरतो’. कपाट म्हटले की ते भरलेले असते किंवा रिकामे, उघडे असते किंवा कुलूपबंद. डोक्यावरचा फटका ही त्या कुलपाची किल्ली.

प्रत्यक्षात स्मृती एकच नसते. अंधेरी आणि घाटकोपर मेट्रोने जोडलेली आहेत, हे आपल्याला माहीत असते. ही ज्ञानाची स्मृती. गेल्या रविवारी घाटकोपरला आपण कोणाला भेटलो, ही प्रसंगाची स्मृती. गर्दीच्या डब्यात हात न धरता तोल सांभाळून उभे राहणे, ही कौशल्याची स्मृती. ती शब्दांत सांगताही येत नाही. एखाद्या ठिकाणी पूर्वी अपघात पाहिला असेल तर तेथून जाताना छातीत धडधडते, ही भावनेची स्मृती. या चारही स्मृतींसाठी मेंदूतल्या वेगवेगळ्या भागांचा कमीअधिक वापर होतो. त्यामुळे एक बिघडली तरी दुसरी शाबूत राहू शकते.

हे आपल्याला प्रामुख्याने एका माणसामुळे कळले. हेन्री मोलेसन हे त्याचे नाव. हयात असेतो विज्ञानजगतात तो ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनीच ओळखला जाई. त्याला अपस्माराचे तीव्र झटके येत. १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, अमेरिकेतील हार्टफर्ड येथे विल्यम स्कोव्हिल या शल्यचिकित्सकाने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलांच्या आतला काही भाग काढून टाकला. त्यात समुद्रघोड्याच्या आकाराच्या ‘हिप्पोकॅम्पस’ या अवयवाचा मोठा हिस्सा होता. झटके कमी झाले. पण त्यानंतर घडलेला एकही प्रसंग हेन्रीच्या मनात टिकेना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाई वर्षानुवर्षे त्याच्या चाचण्या घेत, आणि प्रत्येक वेळी तो त्यांना नव्यानेच भेटे.

मिल्नरबाईंनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. आरशात डावे-उजवे कळत नाही, त्यामुळे पहिल्या खेपेस सर्वांचाच हात अडखळतो. तीन दिवसांत हेन्रीचा हात सफाईदार झाला. मात्र हे काम आपण पूर्वी केले आहे, हे त्याला एकदाही आठवले नाही. हाताने शिकलेले टिकले होते, शिकल्याचा प्रसंग टिकला नव्हता. कपाटाच्या कल्पनेत या निरीक्षणाला जागाच नाही. आमची कसोटी हीच आहे: स्मृती अनेक पदरांची असते, हे चित्रपटाला ठाऊक आहे का?

‘सदमा’: कपाटाच्या दोन किल्ल्या

बालू महेंद्र यांच्या ‘सदमा’तील तरुणी मोटार-अपघातात डोक्याला इजा होऊन सहासात वर्षांच्या मुलीसारखी वागू लागते. तिला सांभाळणारा तरुण पेशाने शाळामास्तर आहे. शेवटी औषधोपचाराने ती बरी होते. तिला अपघातापर्यंतचे सारे आठवते आणि अपघातानंतरचे काहीच आठवत नाही. जीव लावणारा मास्तर रेल्वेस्थानकावर माकडचेष्टा करून ओळख पटवू पाहतो, आणि ती त्याला वेडा समजते. हा शेवट पाहून डोळे न भिजलेला माणूस विरळा.

डोळे पुसून विचार केला, तर येथे कपाटाचीच कल्पना आहे. फक्त कपाटाला दोन खण आहेत. एक उघडला की दुसरा बंद. मेंदूला इजा झाल्यावर वय सोलून काढल्यासारखे कमी होत नाही. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी १८८१ साली नोंदवले होते की, मेंदूच्या विकारांत अलीकडच्या आठवणी आधी जातात आणि जुन्या अधिक काळ तग धरतात. ‘सदमा’मध्ये या निरीक्षणाचा एक कण आहे. पण त्यावरून विशीतली स्त्री बोलण्या-चालण्यात, समजुतीत आणि हट्टात सर्वांगाने मूल होते, असे निघत नाही.

डोक्याला मार लागल्यावर सामान्यतः काय होते? अपघाताच्या आधीची काही मिनिटे किंवा काही तास, आणि नंतरचा काही काळ, एवढा तुकडा हरवतो. स्वतःचे नाव बहुतेक जात नाही. आणि हरवलेल्या तुकड्यातील अपघाताच्या क्षणाजवळचा भाग सहसा कधीच परत येत नाही, कारण तो मेंदूत पुरता नोंदलाच गेलेला नसतो. जे लिहिले गेले नाही, ते दुसऱ्या फटक्याने वाचता कसे येईल? दुसरा फटका धोकादायक मात्र नक्की असतो. पहिल्या इजेतून मेंदू सावरत असताना पुन्हा मार बसला, तर नुकसान वाढते. खेळाच्या तासाला डोके आपटलेल्या मुलाला पुन्हा मैदानात पाठवू नये, ते याचसाठी. ‘सर, पुन्हा आपटले तर?’ या प्रश्नाचे उत्तर देताना एवढे सांगितलेच पाहिजे.

‘गजनी’: पंधरा मिनिटांचे घड्याळ

हेन्री मोलेसन २ डिसेंबर २००८ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी वारला. त्याच महिन्याच्या २५ तारखेला ए. आर. मुरुगदास यांचा हिंदी ‘गजनी’ प्रदर्शित झाला. हा निव्वळ योगायोग. परंतु त्या वर्षी आपल्याकडच्या असंख्य लोकांनी हेन्रीचे नाव न ऐकता त्याचाच विकार पडद्यावर पाहिला. लोखंडी सळईचा घाव बसलेला उद्योगपती दर पंधरा मिनिटांनी सारे विसरतो. अंगावर गोंदवून, भिंतीवर चिठ्ठ्या लावून, छायाचित्रांवर नावे लिहून तो सूडाचा माग काढतो.

दोन गोष्टींचे श्रेय या चित्रपटाला द्यायला हवे. डोक्याला मार लागूनही नायकाचे बालपण पुसले जात नाही. अडचण नव्या आठवणी तयार होण्याची आहे, हे त्याने बरोबर ओळखले. दुसरे म्हणजे, जुनी कौशल्ये त्याच्या अंगात राहतात. ‘सदमा’नंतरची पंचवीस वर्षे अगदीच वाया गेली नाहीत, असे म्हणता येईल.

चूक आहे ती घड्याळाची. पंधरा मिनिटे पूर्ण झाली की पाटी कोरी, असे मेंदूत होत नाही. येथे हेन्रीचीच एक चाचणी पाहण्यासारखी आहे. त्याला ५८४ ही संख्या लक्षात ठेवायला सांगून बाई निघून गेल्या. पंधरा मिनिटांनी आल्या, तर संख्या त्याच्या तोंडावर होती. त्याने मनाशी हिशोब चालू ठेवला होता: तिन्ही अंकांची बेरीज १७, त्यातून ८ गेले की उरले ९, त्याचे भाग ५ आणि ४. म्हणून ५८४. मग बाईंनी विषय बदलला. मिनिटभरातच संख्या गेली, हिशोब गेला, आणि आपल्याला काही लक्षात ठेवायला सांगितले होते हेही गेले. म्हणजे लक्ष धरून ठेवले तोवर आठवण होती, लक्ष विचलित होताच ती संपली. घड्याळाचा येथे संबंध नाही. चित्रपटाने वेळेऐवजी लक्षावर भर दिला असता, तर प्रत्येक दारावरची घंटा, प्रत्येक दूरध्वनी नायकाचा शत्रू झाला असता. शास्त्रही अचूक राहिले असते आणि रहस्यही वाढले असते.

एका बाबतीत मात्र ‘गजनी’ बहुधा नकळत खरा ठरला. नायकाला कारण आठवत नसतानाही त्याचा संताप धुमसत राहतो. हे अतिशयोक्त वाटेल, पण २०१० साली अमेरिकेत हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या पाच रुग्णांना चित्रपटांतीलच दुःखद आणि आनंदी प्रसंग दाखवण्यात आले. थोड्याच वेळात काय पाहिले हे ते जवळजवळ विसरले. तरी मनातले दुःख किंवा आनंद मागे रेंगाळत राहिला. प्रसंगाचा पदर तुटला, भावनेचा टिकला. ही गोष्ट पुढे आपल्याला फार उपयोगी पडणार आहे.

‘गजनी’ अतिशय हिंसक असल्यामुळे तो वर्गात दाखवावा, अशी आमची शिफारस नाही. मुलांनी तो पाहिलेला असतोच. चर्चेला तेवढे पुरे.

आठवण लिहिली जाते म्हणजे काय होते?

पुढच्या दोन चित्रपटांकडे वळण्यापूर्वी ‘नोंदणे’ म्हणजे काय, ते पाहू. मेंदूत चेतापेशी असतात आणि एका पेशीकडून दुसरीकडे संदेश जाण्याची जागा म्हणजे चेतासंधी. एरिक कँडेल यांनी ‘अप्लायसिया’ या समुद्री गोगलगायीवर अनेक वर्षे काम केले. त्याबद्दल त्यांना २००० सालच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. गोगलगायीला एकदाच हलका विजेचा धक्का दिला, तर ती काही मिनिटे सावध राहते. यात असलेल्याच चेतासंधी थोड्या वेळापुरत्या अधिक जोमाने काम करतात. धक्के काही अंतराने पुनःपुन्हा दिले, तर सावधपणा दिवसचे दिवस टिकतो. यासाठी पेशीला आपल्या जनुकांकडून नवी प्रथिने करवून घ्यावी लागतात आणि नव्या चेतासंधी फुटतात. तिच्या एका संवेदी चेतापेशीच्या संधींची संख्या सुमारे १३०० वरून २७०० पर्यंत गेलेली आढळली. दीर्घकालीन आठवण म्हणजे मेंदूच्या रचनेतला बदल असतो, तो असा.

मग विसरणे म्हणजे काय? काही आठवड्यांनी गोगलगायीचा सावधपणा ओसरतो, तशा या जादा संधीही घटतात. पण संख्या अगदी पूर्वीइतकी खाली येत नाही. विसरलेला धडा दुसऱ्यांदा लवकर पाठ होतो, हा आपला अनुभव याच्याशी जुळतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ साली निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून हेच मोजले होते. पुन्हा पाठ करण्यात वाचणारे श्रम एका दिवसाने सुमारे एक-तृतीयांश उरत आणि एका महिन्याने सुमारे एक-पंचमांश. घसरण सुरुवातीला वेगाने होते, नंतर मंदावते.

माणसाच्या मेंदूत प्रसंगाची आठवण प्रथम हिप्पोकॅम्पसच्या मदतीने बांधली जाते. तिचे धागे मेंदूच्या बाह्यस्तरात दूरदूर पसरलेले असतात: दृश्य एकीकडे, आवाज दुसरीकडे, वास तिसरीकडे. हिप्पोकॅम्पस त्यांची गाठ धरून ठेवतो. पुनःपुन्हा उजाळा मिळाला आणि वर्षे लोटली, की हे धागे एकमेकांशी थेट जोडले जातात, असे मानले जाते. हिप्पोकॅम्पस गेल्यावरही हेन्रीला लहानपण आठवत होते, ते त्यामुळे.

‘अस्तु’: पदर एकेक करून सुटतात

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’मध्ये निवृत्त संस्कृत पंडित चक्रपाणि शास्त्री यांना अल्झायमरचा विकार झाला आहे. मुलीने मोटारीत क्षणभर बसवून ठेवलेले असताना ते रस्त्यावरच्या हत्तीमागे चालू लागतात आणि हरवतात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांना सांभाळते. हा विद्वान त्या निरक्षर, तरुण बाईला ‘आई’ म्हणतो. शास्त्रींची भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली आहे. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. चन्नम्मा झालेल्या अमृता सुभाष यांना साहाय्यक अभिनेत्रीचा आणि सुमित्रा भावे यांना संवादलेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आमच्या कसोटीवर हा चित्रपट सर्वांत उंच ठरतो. शास्त्रींना मुलगी ओळखू येत नाही, पण संस्कृत श्लोक जिभेवर आहेत. सामान्य प्रेक्षकाला ही विसंगती वाटते. ज्याला पोटची मुलगी ओळखता येत नाही, त्याला पाठांतर कसे आठवते? अल्झायमरमध्ये होणारी पेशींची हानी हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या लगतच्या भागात लवकर सुरू होते. त्यामुळे सकाळी काय खाल्ले, हा प्रसंग बांधलाच जात नाही. लहानपणी हजारदा घोकलेले श्लोक मात्र बाह्यस्तरात खोल रुजलेले असतात आणि तेथे रोग सावकाश पोचतो. चन्नम्मा आई वाटते, यातही शास्त्र आहे. नाव, नाते, वय हे ज्ञानाचे पदर सुटले. मायेने भरवणाऱ्या हाताची ओळख, हा भावनेचा पदर राहिला.

उपनगरांतल्या शिक्षकाला याची विशेष गरज आहे, असे आम्ही का म्हणतो? गिरगाव, दादर, परळच्या चाळींतून गेल्या काही दशकांत असंख्य मराठी कुटुंबे बोरिवली, मुलुंडकडे राहायला आली. त्या पिढीतले लोक आता ज्येष्ठ नागरिक आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीच्या अंदाजाप्रमाणे, भारतात साठीपुढच्या दर शंभर व्यक्तींमागे सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. एकूण सुमारे ८८ लाख. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात एखाद्या मुलाच्या घरी असे आजी-आजोबा असणे अगदी संभवनीय आहे. वीस वर्षे बोरिवलीच्या सदनिकेत राहणारी आजी संध्याकाळी पिशवी घेऊन दाराशी उभी राहते आणि म्हणते, ‘मला घरी जायचंय.’ तिचे घर गिरगावात असते, ते केव्हाच पाडले गेलेले असते. अंधेरी-घाटकोपर मेट्रो २०१४ साली आली. ज्या आजोबांच्या डोक्यात तो प्रवास म्हणजे बसच, ते स्थानकाबाहेर उभे राहून जुना थांबा शोधतात.

अशा घरात हमखास उच्चारले जाणारे वाक्य म्हणजे, ‘सगळी नाटकं आहेत. रामरक्षा बरी आठवते!’ या एका वाक्याने म्हाताऱ्या माणसावर रोज अन्याय होतो, आणि मुले तो पाहत, शिकत असतात. स्मृती एकच असते, या समजुतीतून तो येतो. ज्याला पदर वेगळे असतात हे कळले, तो असे म्हणणार नाही. भावनेचा पदर टिकतो हे ज्याला कळले, तो आजीवर ओरडणार नाही. कारण ओरडल्याचे कारण ती विसरेल, दुखावल्याची भावना मात्र तशीच राहील. ‘अस्तु’ने हे कोणतेही व्याख्यान न देता दाखवले, म्हणून त्याचे मोल आम्हांला मोठे वाटते.

एक तक्रार मात्र नोंदवावी लागेल. शास्त्रींच्या मुखातले संस्कृत आणि त्यांचे बालसुलभ कुतूहल यांमुळे विस्मृतीला कोठेकोठे वैराग्याची झळाळी येते. विसरणे म्हणजे जणू मुक्त होणे. प्रेक्षकाला ते सुखावते. पण हा चेतापेशी नष्ट करणारा रोग आहे. रुग्ण घाबरतो, संशयी होतो, पुढेपुढे त्याला गिळताही येत नाही. चित्रपट मुलीची ओढाताण दाखवतो, पण रुग्णाची भीती पुरेशी दाखवत नाही. शिवाय प्रत्येक विसराळूपणा अल्झायमर नसतो. ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचे विकार, नैराश्य यांमुळेही स्मृती मंदावते आणि ती उपचारांनी सुधारू शकते. म्हणून ‘वयच झालं’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे. चित्रपटानंतरच्या चर्चेत शिक्षकांनी ही भर घालावी.

‘थ्री ऑफ अस’: वाट सापडण्याचा प्रश्न

अविनाश अरुण यांच्या या हिंदी चित्रपटातली शैलजा मुंबईत नोकरी करणारी मध्यमवयीन स्त्री आहे. स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाल्याचे कळल्यावर ती नवऱ्याला घेऊन वेंगुर्ल्याला जाते. तेथे तिच्या बालपणाचा काही काळ गेला होता. जुन्या जागा आणि जुना बालमित्र यांच्या सोबतीने ती विस्कटत चाललेले काही धागे हातात घेऊन पाहते.

जागेने आठवण जागी होते, हा येथे गाभा आहे. आपलाही अनुभव तसाच असतो. शाळेच्या जिन्यात पाऊल टाकले की तीस वर्षांत न आठवलेले नाव ओठांवर येते. आठवण शिल्लक असूनही तिच्याकडे जाणारी वाट सापडत नाही, असे होऊ शकते का? धीरज रॉय आणि सुसुमु टोनेगावा यांच्या गटाने अमेरिकेत उंदरांवर केलेला प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. अल्झायमरसदृश विकाराच्या प्रारंभिक अवस्थेतल्या उंदरांना एका पेटीत हलका धक्का देण्यात आला. दुसऱ्या दिवशी त्या पेटीत ते घाबरले नाहीत, म्हणजे विसरले. पण शिकताना ज्या चेतापेशी कामाला लागल्या होत्या, त्याच पेशी प्रकाशाच्या साहाय्याने उत्तेजित केल्यावर उंदीर भीतीने थिजले. आठवण होती, वाट बुजली होती. हे उंदरांत घडले. माणसाला असा उपचार आज उपलब्ध नाही, आणि रोग वाढला की पेशीच नष्ट होतात. पण शैलजाच्या प्रवासामागची कल्पना निव्वळ हळवी नाही, एवढे यावरून म्हणता येते.

चित्रपटाला न सुचलेली एक बाजू येथे सांगण्यासारखी आहे. आठवण काढली की ती काही काळ पुन्हा मऊ होते आणि पुन्हा नोंदली जाते. करीम नादर आणि सहकाऱ्यांनी २००० साली उंदीरजातीच्या प्राण्यांवर हे दाखवले. भीतीची पक्की आठवण जागी करून लगेच मेंदूत प्रथिननिर्मिती रोखणारे औषध दिले, तर ती आठवण नाहीशी झाली. आठवण जागी न करता तेच औषध दिले, तर काहीच झाले नाही. म्हणजे आठवताना आपण जुनी वही वाचत असतो आणि तिच्यात लिहीतही असतो. या दृष्टीने शैलजा वेंगुर्ल्याहून जे घेऊन परतते, ते नुसते बालपण नव्हे. मध्यमवयात पाहिलेले वेंगुर्ले त्यात मिसळले आहे. चित्रपटाचे बालपण मात्र बहुतेक वेळ स्वच्छ, धुतलेले, छायाचित्रासारखे स्थिर आहे. रोगही तसाच सौम्य, सभ्य. ‘अस्तु’इतकी उंची तो गाठत नाही, ती आमच्या मते याच कारणाने. तथापि, विसरणारी व्यक्ती शेवटपर्यंत स्वतःचे निर्णय घेणारी व्यक्ती असते, ही त्याने दिलेली दृष्टी मोलाची आहे. आधीच्या तीन चित्रपटांत ती नाही.

वर्गात काय करावे?

आमची सूचना साधी आहे. नववी-दहावीच्या वर्गात ‘अस्तु’मधला दहा मिनिटांचा भाग दाखवावा. मग वर्गाचे दोन गट करावेत. पहिल्या गटाने तोच भाग पुन्हा पाहावा. दुसऱ्या गटाने तेवढ्याच वेळात, न पाहता, जे आठवेल ते कागदावर लिहावे. एका आठवड्याने पूर्वसूचना न देता दोन्ही गटांना दहा प्रश्न द्यावेत आणि गुणांची सरासरी काढावी.

रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली अमेरिकन विद्यार्थ्यांवर उतारा वाचण्याचा असाच प्रयोग केला होता. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटले: पुन्हा वाचणारे ४२ टक्क्यांवर आले, आठवून लिहिणारे ५६ टक्क्यांवर राहिले. आपल्या वर्गात आकडे वेगळे येतील, कदाचित निकालही वेगळा येईल. मुले थोडी असतील तर फरक योगायोगानेही पडू शकतो. तेही मुलांना शिकण्यासारखेच आहे. पण ‘आठ वेळा वाचलं तरी लक्षात राहत नाही’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला, मेंदू हे भरण्याचे कपाट नाही हे सांगण्यापेक्षा असे मोजून दाखवणे अधिक पटते.

प्रयोगानंतर तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत. शास्त्रीबुवांचे काय काय गेले? काय काय राहिले? आणि राहिलेल्या गोष्टींच्या आधारे त्यांच्याशी कसे वागता येईल? तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे मुलांनी घरी नेऊन आईवडिलांना वाचून दाखवावीत, आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनाही.